लाल टॅग आणि चकमकीचे पिस्तूल

ऑक्टोबर १९९८, शुक्रवार सकाळ. मंजूर रक्कम पंधरा दिनार. हजर तिघे: ते, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, आणि इथल्या मराठी मंडळाचा खजिनदार म्हणून मी. जागा, आखातातल्या फिंतास गावी त्यांच्या फ्लॅटमधले जेवणाचे टेबल. विषय एकच: मंडळाच्या ऐतिहासिक नाटकातल्या गोऱ्या कप्तानाला चकमकीचे पिस्तूल कुठून आणायचे?

"आधी हातात घेऊ, मग बोलू," ते म्हणाले.

हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पंप असो, कलिंगड असो, नाहीतर कुणाचे तान्हे बाळ. फहाहीलच्या बाजारात कलिंगड कानाशी धरून उभा असलेला नाशिकचा इंजिनिअर तुम्हीही पाहिला असेल, तर ते हेच. पण त्या दिवशी ते वाक्य ऐकून मला बरे वाटले नाही. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. उजवा हात होता, पण सांगितलेले ऐकत नव्हता. फेब्रुवारीत कंपनीचा डॉक्टर पुन्हा तपासणार होता. हात पाना धरण्याजोगा नसेल तर रिफायनरीतली नोकरी जाणार, नोकरीबरोबर इकामाही, म्हणजे इथे राहण्याचा परवाना. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एवढे सगळे त्या एका अंगठ्यावर येऊन ठेपले होते.

वाटा तीन होत्या. फहाहीलच्या शोभेच्या वस्तूंच्या दुकानात तयार पिस्तूल होते, किंमत चौदा दिनार. दिसायला झकास, पण त्याचा घोडा ओतीव, जागचा हलत नव्हता. ते म्हणाले, "हा घोडा नाही, घोड्याचा फोटो आहे." दुसरी वाट, कारागिराकडून करून घेण्याची. त्याने पासष्ट सांगितले. तिसरी म्हणजे परदेशातून टपालाने येणारे सुट्ट्या भागांचे खोके, अडतीसला. ओबडधोबड लाकडी दस्ता, स्प्रिंगा, स्क्रू, गारगोटी, आणि भरीव पितळेची नळी. भोकच नसल्याने गोळी सुटायचा प्रश्न नाही, फक्त ठिणगी पडणार. कानशीने घासून जुळवायचे मात्र आपले आपण.

मी हिशेब सांगितला. "तयार घेतलं तर एक दिनार उरतो."

"खजिनदार, कारागीर पिस्तूल उत्तमच करेल. पण त्यात हात त्याचा चालेल. मला माझा चालवायचाय."

खोके त्यांनी स्वतःच्या पैशाने मागवले. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "प्रयोग मार्चमध्ये आहे हो, पुढच्या शतकात नाही. नाही जमलं तर फहाहीलचं आणू!"

खोके कस्टममध्ये अडकले. मी सोबत गेलो होतो. अधिकाऱ्याने नळी उचलून कपाळाला आठ्या घातल्या. "फुंक मारून बघा," यांनी हिंदीत सांगितले आणि स्वतःच गाल फुगवून दाखवले. अधिकाऱ्यानेही गाल फुगवले. पलीकडून काहीच येईना, तेव्हा तो हसत सुटला आणि म्हणाला, "खलास, जा."

काम सुरू झाले आणि रखडले. उजव्या हातातून कानस सटकायची, दस्त्यावर ओरखडे उठायचे. एकदा वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तर हे पाठ करून चक्क डाव्या हाताने घासत बसलेले.

रिफायनरीत एक शिस्त असते. दुरुस्तीला काढलेल्या यंत्रावर "चालवू नये" असा लाल टॅग बांधतात, आणि ज्याने बांधला त्यानेच तो काढायचा. मॅनेजरसुद्धा हात लावत नाही. नव्या पोरांना हे शिकवण्यात यांची उभी नोकरी गेली. वहिनींनी त्यांच्या बॅगेतून तसला एक टॅग काढला आणि दोऱ्याने त्यांच्या डाव्या मनगटाला बांधला.

"अगं, चुकलीस. दुरुस्ती उजव्याची चाललीय."

"असू दे. हा चालला की तो बसून राहतो. आणि काढणार मीच. नियम तुमचाच आहे ना?"

गृहस्थाने तो नियम पाळला. भाजी आणायला टॅगसकट, तालमीला टॅगसकट. चहाचा कप उजव्या हातात, निम्मा चहा शर्टावर. कुणी चेष्टा केली की म्हणायचे, "दुरुस्तीचं परमिट अजून बंद झालेलं नाही." मी बघायचो ती त्यांच्या उजव्या हाताची बोटे. दस्त्यावरचे ओरखडे उथळ होत गेले, मग दिसेनासे झाले. जवसाच्या तेलाने दस्ता अक्रोडासारखा उजळला.

जानेवारीत सगळे भाग बसले. राहिला घोडा. तो अंगठ्याने मागे ओढायचा, आणि आतली स्प्रिंग भलतीच ताठ. कितीतरी शुक्रवार तो अर्ध्यावर जाऊन अडला. ते चिडत नसत. पिस्तूल खाली ठेवून म्हणत, "आज एवढंच."

मग एका शुक्रवारी अर्ध्यावरचा "खट्" ऐकू आला, आणि मागोमाग दुसरा. घोडा पूर्ण मागे होता. त्यांनी चाप ओढला. पोलादावर गारगोटी घासून ठिणग्यांचा झुबका टेबलावर सांडला. टेबलक्लॉथला भोक पडले. वहिनींनी कात्री आणून त्यांच्या मनगटावरचा दोरा कापला.

फेब्रुवारीत डॉक्टरसमोर त्यांनी शर्टाची बटणे लावून दाखवली, उजव्या हाताने सही केली आणि ते कामावर रुजू झाले. मार्चमधल्या प्रयोगात कप्तानाने संवाद विसरून नुसताच चाप ओढला. टाळ्या ठिणगीला पडल्या. सेक्रेटरी विंगेतून म्हणाले, "नशीब, पिस्तुलाची तरी तालीम झाली होती."

२००७ मध्ये ते निवृत्त होऊन नाशिकला गेले. पिस्तूल विमानात कोण नेऊ देणार? मी म्हटले, मला द्या, अडतीस दिनार देतो.

"अडतीस कशाचे? तयार मिळायचं त्याचे चौदा द्या. मजुरी माझी कधीच वसूल झाली," ते म्हणाले आणि मनगटाचे बटण लावू लागले. मी नोटा पुढे केल्या, तर दोन्ही हात पाठीमागे. "मला नका देऊ. आम्ही नुसते कामगार."

वहिनींनी तो जुना लाल टॅग पिस्तुलाच्या चापाला बांधून दिला. आज ते आमच्या कपाटावर आहे. मुलगी कधीतरी टॅगकडे बोट दाखवून विचारते, "बाबा, कॅन आय?" मी सांगतो, ज्यांनी बांधला त्या येऊन काढतील.

दिलेली रक्कम चौदा दिनार, रोख. घेणार, वहिनी.