अरबी समुद्र गाळलेले आवटी सर

पलूसमध्ये अजितकुमार आवटी सरांना गाठायचं आणि समुद्राचा विषय टाळायचा, हे आजवर कुणाला जमलेलं नाही. ऊस तोडणीला आला का विचारा, गुडघेदुखी कशी आहे विचारा, सर "तिकडं खोल पाण्यात काय असतं" म्हणून सुरू होतात. समोरचा माणूस एसटी चुकल्याचं दुःख चेहऱ्यावर घेऊन उभा राहतो. सर त्याला कुतूहल समजतात.

खोल पाण्यावर ते आयुष्यात एकदाच गेले होते. नोकरी लागण्याआधी, गोव्याहून निघालेल्या एका संशोधन जहाजावर तात्पुरते मदतनीस म्हणून, तीन आठवडे. पहिला आठवडा त्यांनी बादलीला मिठी मारून काढला. दुसऱ्या आठवड्यात उठून बसले. तिसऱ्यात एका सकाळी बारीक विणीच्या जाळ्यात साल्प नावाच्या काचेसारख्या आरपार जिवांचा ढीग आला. जाळं ओढणारे हात दुसऱ्यांचे होते. शास्त्रज्ञांचं काम झाल्यावर उरलेला ढीग परत पाण्यात फेकणार, तेवढ्यात कुणीतरी त्यातले मूठभर फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून सरांच्या हातात दिले. "घेऊन जा. पोरांना दाखवायला होतील."

पलूसला पोचेपर्यंत ते "मी पकडलेले साल्प" झाले होते.

पुढं त्याच बरणीवर सरांची नोकरी निघाली. कॉलेजात आटपाडीकडची पोरं येत. पाणी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं टँकर उभा राही. सर त्यांच्याकडं कीव करत बघत आणि बरणी उंच धरत.

"जेलीफिश नव्हे, गाढवांनो! जेलीफिशपेक्षा हा तुमचा जवळचा नातेवाईक."

सरांचं पोरांविषयीचं मत बघता हा साल्पचा अपमान होता. पण शिकवत ते नीट, हे नाकारता येणार नाही. साल्पचं जगणं ते उसावरून समजावून सांगत. एक असतो एकटा साल्प, ना नर ना मादी. उसाच्या डोळ्यातून कोंब फुटावा तसा त्याच्या अंगातून फुटवा निघतो आणि त्या फुटव्याची साखळी होते, कांडीला कांडी लागावी तशी. साखळीतला प्रत्येक जीव दुसऱ्याची हुबेहूब नक्कल. हे सगळे जन्मतात मादी म्हणून. आधीच्या साखळीतल्या नरांकडून त्यांची गर्भधारणा होते, बहुतेक जातींत एकीच्या पोटी एकच पिल्लू. पिल्लू बाहेर पडलं की आई नर होते. आणि ते पिल्लू वाढून होतो पुन्हा एकटा साल्प. म्हणजे नात आजीसारखी, आईसारखी कधीच नाही.

"त्यात काय नवल?" हे घरी ऐकल्यावर त्यांच्या पत्नी गुणमालाबाई म्हणाल्या होत्या. "आमची रूपाली तुमच्या आईवरच गेलीया. भांडताना बघा."

गुणमालाबाई शिकल्या दहावीपर्यंत. सरांच्या भाषेत सांगायचं तर त्या "विज्ञानाच्या काठावर" राहिल्या. त्यांचं पाण्याचं फडकं हा सरांच्या चेष्टेचा रोजचा विषय. जैन घरातल्या रीतीप्रमाणं त्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत. मग फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच धुवत आणि ते धुतलेलं पाणी कडीच्या बादलीतून अलगद खाली सोडत. फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या विहिरीतले त्याच विहिरीत गेले पाहिजेत. याला त्या जिवाणी म्हणत.

"तुझ्या फडक्यापेक्षा साल्पची जाळी बारीक," सर म्हणत. "तो पोहतो म्हणजे काय करतो? अंगातून पाणी ढकलतो. आणि तेच पाणी आतल्या चिकट जाळीतून गाळून त्यातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ खातो. एका दमात दोन कामं!"

"त्यो गाळतो आन् खातो. मी गाळते आन् परत सोडते. कोण बरं, सांगा की."

सर हसत. अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, असं त्यांचं मत होतं.

दोन वर्षांपूर्वी सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या वल्लरी मॅडमनी प्राणिशास्त्राचा जुना संग्रह आवरायला काढला. झाकणं गळत होती, चिठ्ठ्या पुसल्या होत्या. "सर, तुमची बरणी न्यायची असेल तर न्या," त्यांनी फोनवर सांगितलं. सरांना वाटलं होतं, बरणीखाली नावाची पाटी लागेल. बरणी घरी आली ती शिपाई बिराप्पाच्या मोटरसायकलवरून, गोणपाटात गुंडाळून.

"सर, लय वास मारतोय," बिराप्पा म्हणाला. "आत हाय तरी काय? शेंबूड हाय जणू."

"हवेतला कार्बन समुद्राच्या तळाला नेणारा प्राणी आहे हा. याची विष्ठा जड असते, भराभर बुडते आणि कार्बन घेऊन बुडते."

"म्हंजे हागून जगाचं भलं करतोय. बरंय की."

सरांनी बरणी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवली, लग्नाच्या फोटोच्या जागी. आता ते पाहुण्यांना घरबसल्या सांगू लागले की साल्प उष्ण समुद्रात असतो, थंड समुद्रात असतो, सगळ्यात दाट अंटार्क्टिकाभोवती; शेवाळ वाढलं की थोड्या दिवसांत मैलोगणती पसरतो आणि अन्न संपलं की नाहीसा होतो. पाहुणेही नाहीसे होऊ लागले.

यंदा गावात दिगंबर मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, उभ्यानं, श्रावकाच्या म्हणजे जैन गृहस्थाच्या घरी. त्यासाठी शुद्ध स्वयंपाकाची जी तयारी करायची तिला चौका म्हणतात. आवटींच्या घरी चौका कधी लागला नव्हता. सरांना त्यात विज्ञान दिसत नव्हतं. या वर्षी गुणमालाबाईंनी त्यांना विचारलंच नाही.

"बरणी न्या," त्या एवढंच म्हणाल्या. "मेलेले जीव मांडलेल्या घरात चौका लागत न्हाई."

"ती बरणी म्हणजे माझं आयुष्य आहे, गुणमाला."

"दिसतंय की. आत काय हाय ते दिसतंय."

सर बरणी घेऊन गावभर फिरले. वल्लरी मॅडमनी कपाट भरल्याचं सांगितलं. बिराप्पानं हात जोडले, "आई मला जित्ता ठेवायची न्हाई." भावकीत कुणी दार पुरतं उघडलं नाही. टाकून द्यायची तर सरांपाशी दाखवायला उरणार काय? तीन आठवड्यांची ओकारी?

तेव्हा त्यांना परसातली विहीर आठवली. पाण्याच्या थोडं वर, दगडी बांधकामात एक कोनाडा होता. गार, अंधारा, आणि गुणमालाबाई तिथं कशाला शोधतील? आपल्याला सुचलेल्या उपायावर सर इतके खूश झाले की पायऱ्या उतरून बरणी ठेवताना त्यांनी शीळ घातली. चौक्याचं पाणी नळाचं चालत नाही, विहिरीचंच लागतं, हे जैन घरात जन्मलेल्या या माणसाला ठाऊक होतं. फक्त असल्या गोष्टी लक्षात ठेवायच्या नसतात, ही सवय त्यांनी आयुष्यभर जोपासली होती.

चौक्याच्या सकाळी गुणमालाबाईंनी शुद्ध वस्त्र नेसून बादली सोडली. बादली झुलली, भिंतीतल्या कोनाड्याला लागली, खणकन आवाज आला. बादलीच दगडावर आपटली असेल असं समजून त्यांनी ती ओढली आणि पाणी फडक्यावर ओतलं. वासानं डोळ्यांत पाणी आलं. फडक्यात काचेचे तुकडे होते आणि त्यांत पांढुरकी, बुळबुळीत साखळी, कांडीला कांडी लागलेली.

सर धावत आले. त्यांनी आधी फडक्यात पाहिलं.

"साखळी तुटली नाही," ते म्हणाले.

गुणमालाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग चूल विझवली. मुनींच्या स्वागताला दारात धरायचा कलश आत नेऊन ठेवला. थोड्या वेळानं मुनिमहाराज गल्लीतून गेले. शेजारच्या दारात "नमोस्तु, नमोस्तु" सुरू झालं. आवटींचं दार बंद होतं.

पुढचे काही दिवस विहीर पुन्हा पुन्हा उपसावी लागली. भावकीतली माणसं चौकशीला आली, म्हणजे हसू दाबून चहा पिऊन गेली. शेवटचा पाहुणा गेल्यावर गुणमालाबाईंनी एक जुना स्टीलचा डबा सरांपुढं ठेवला. फडक्यातलं सगळं त्यात होतं.

"ज्या पाण्यातलं, त्या पाण्यात," त्या म्हणाल्या.

"अगं, मेलेत ते! कधीच मेलेत."

"व्हय. पण समुद्र गाळला म्हणून गावभर सांगताय न्हवं? मग जिवाणी सोडायची ऱ्हायलीया तुमची. माझा चौका तर गेलाच. तुमचं गाळणं तरी पुरं करा."

या प्रश्नालाही उत्तर द्यायचं नसतं, असं सरांना म्हणता आलं असतं. ते डबा मांडीवर घेऊन कोल्हापूरमार्गे रत्नागिरीच्या गाडीत बसले. घाटात त्यांना उलटी झाली.

किनाऱ्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी डबा रिकामा केला. लाटेनं साखळी त्यांच्या पायांशी परत आणून टाकली. त्यांनी ती उचलून पुढं सोडली. लाटेनं पुन्हा आणली. जाळं झाडणारा एक मच्छीमार बघत होता.

"काय ओ ते?"

सरांनी घसा साफ केला. साल्प कुठल्या समुद्रात सापडतो इथपासून सुरुवात करावी असं त्यांनी ठरवलं, तोवर मच्छीमार जाळं खांद्यावर टाकून निघून गेला होता. तिसऱ्या वेळी सर कमरेइतक्या पाण्यात गेले. त्यानंतर साखळी दिसली नाही.

परतल्यावर पलूस स्टँडवर त्यांना बिराप्पा भेटला. सरांची पँट अजून मिठानं कडक होती.

"मी दोनदा समुद्रावर जाऊन आलोय, बिराप्पा."

"आन् दुसऱ्यांदा काय गावलं, सर?"

सरांनी रिकामे हात बघितले. डबा ते गाडीतच विसरले होते.

"दुसऱ्यांदा सोडून आलो," ते म्हणाले, आणि बिराप्पानं त्यांच्याकडून ऐकलेलं समुद्राविषयीचं सगळ्यात छोटं भाषण तिथं संपलं.