वंदनेसाठी थांबलेलं मशीन

सानगडीच्या विहाराजवळ केशवरावांचं घर. त्यांची थोरली सून रत्नमाला समोरच्या खोलीत फोटोंचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान चालवायची. नवरा अश्विन पुण्याला कंपनीत. खोली तिची की घराची, हे कोणी कधी ठरवलंच नव्हतं. धाकटा दीर अंकुश मात्र ठरवून बसला होता. त्याला तिथे खत ठेवायचं होतं.

"वयनी, तुमचा डब्बा तं नुसता घुमतच राह्यते," तो म्हणाला. "सोमवारी युरिया येऊन राहिला. मशीन चालू असंल तं बसा, नाही तं खोली खाली करा."

केशवरावांनी मान डोलवली. म्हणजे झालंच.

कॉम्प्युटर थकला होता, हे खरं. रत्नमालाने साकोलीहून लिनक्सचा लाल पेन ड्राइव्ह आणला आणि व्हिडिओ पाहत पाहत स्वतःच नवी सिस्टीम टाकली. सगळ्या गावाच्या लग्नाबारशांचे फोटो असलेली जुनी डिस्कही जोडली. मशीन चालू होताना काय काय जोडायचं ते एका फाइलमध्ये लिहावं लागतं, तिथे डिस्कची ओळ लिहिली.

दुकान उघडलं की आधी बुद्धवंदना, मग गिऱ्हाईक, हा तिचा नेम. वंदनेचं रेकॉर्डिंग निळ्या पेन ड्राइव्हमध्ये होतं, एका बाईच्या आवाजात, मधे जराशी खरखर असलेलं. रोज शोधत बसायला नको, म्हणून तिने त्याच फाइलमध्ये त्याचीही ओळ लिहिली. नाव दिलं, वंदना. रविवारी सगळं सुरळीत चाललं.

सोमवारी मशीन अडलं. काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं. इमर्जन्सी. मुख्य खात्याला कुलूप आहे, पुढे जायला एंटर दाबा. तिने दाबलं, थोडं थांबून तीच अक्षरं परत आली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. जुनी डिस्कच गेली असणार, असं तिच्या मनाने घेतलं. झाकण उघडून वायरी काढल्या, पुसल्या, लावल्या. पुन्हा तेच.

तेवढ्यात ट्रॅक्टर दारात लागला. पोती पायरीवर उतरू लागली. एकावर एक चढत गेली तसा खोलीतला उजेड कमी होत गेला.

"झालं का वयनी?" पोत्यांवरून अंकुशचं फक्त डोकं दिसत होतं. "का मशीनवर पण पोता ठेवू?"

"थांबा न भाऊजी थोडं."

"मी थांबतो. ट्रॅक्टर काहून थांबन?"

बाहेर पडायलाही आता वाट नव्हती. तिने डोळे मिटून घेतले. आणि तेव्हा विहाराच्या भोंग्यातून वंदना ऐकू आली. तोच बाईचा आवाज, दुसऱ्या ओळीला तीच खरखर. वर्षावास चालू होता, पावसाळाभर विहारात रोज वंदना व्हायची. रत्नमालाने मशीनच्या पाठीमागे हात घातला. निळा पेन ड्राइव्ह जागेवर नव्हता. सकाळी विहारात जाताना केशवराव काढून घेऊन गेले असणार.

मग तिने पडद्यावरची अक्षरं एकेक करत वाचली. डिस्कचं नाव कुठेच नव्हतं. अडलेल्या ओळीत लिहिलं होतं, वंदना. मशीन वंदनेसाठी थांबलं होतं, आणि ती आल्याशिवाय पुढे जायचं नाही असं रत्नमालानेच त्याला लिहून दिलं होतं.

सासऱ्यांना काय म्हणणार? वंदना विहारात गेली, यात कोणाचं काय चुकलं? तिने लाल पेन ड्राइव्ह लावून मशीन त्याच्यावरून उघडलं, ती फाइल काढली आणि वंदनेच्या ओळीत एक शब्द वाढवला. अर्थ एवढाच, की नसेल तर नसू दे, पुढे चल. लाल पेन ड्राइव्ह काढून मशीन पुन्हा लावलं. ते चालू झालं. जुनी डिस्क उघडली. फोटो सगळे होते.

"चालू झाला, भाऊजी."

अंकुशने पोत्यांवरून वाकून पाहिलं. "मंग आता हे पोते मी कुठं नेऊ?"

केशवराव विहारातून परतले होते. पोत्यांवरून हात लांब करून त्यांनी निळा पेन ड्राइव्ह तिच्याकडे दिला. "तुले सांगाचं राह्यलं, बाई." मग खोलीकडे पाहून म्हणाले, "अर्धी तुयी, अर्धी त्याची."

पोती आत आली. भिंतीपासून टेबलापर्यंत रचली गेली आणि तिच्या खुर्चीपुरती जागा उरली. गिऱ्हाइकांनी आता खिडकीतून कागद द्यायचे.

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह पुन्हा विहारात गेला होता. पोत्यांच्या सांदीतून अंग चोरून ती खुर्चीत बसली. मशीन न थांबता चालू झालं. तिने हात जोडले, कोपर पोत्याला घासलं, आणि वंदना तोंडानेच म्हटली.