सात दिवस खाली मान

गेल्या हिवाळ्यात मेढ्याहून साताऱ्याला सकाळची गाडी घेऊन निघालो आणि वाटेत माझ्या उजव्या डोळ्यापुढं काळे ठिपके उडायला लागले. आधी वाटलं, काचेवर चिलटं आपटली. वायपर मारला, तरी ठिपके जाईनात. मी नजर फिरवीन तिकडं तेही यायचे. थोड्या वेळानं त्याच डोळ्यात खालून राखाडी पडदा वर चढू लागला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि वाहक बाईंना म्हणालो, "मला दिसंना झालंय. मागच्या गाडीत बसवा माणसं."

बावीस वर्षं एसटी चालवली, पण माणसं अशी वाटेत कधी उतरवली नव्हती. सगळे कुरकुरत खाली उतरले. एकजण मला ऐकू जाईल असं बोलला, "सकाळी सकाळीच घेतलीया वाटतं." मी स्टेअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिलो.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि त्याच दिवशी मिरजेला जायला सांगितलं. मिरजेत माझी थोरली बहीण राहते. तिला आम्ही आक्का म्हणतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर बाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या होत्या. डोळ्यातला पडदा सुटला होता, तो त्यांनी जागेवर बसवला होता आणि आत वायूचा एक बुडबुडा सोडला होता. बुडबुडा नेहमी वर जातो. त्यानं आतून पडदा दाबून धरायचा, तर माझं तोंड सतत जमिनीकडं हवं. जेवताना, झोपताना, फिरताना, सात दिवस. आणि उंचावर गेलं की वायू फुगतो, म्हणून तो पुरता विरेपर्यंत डोंगर चढायचा नाही, म्हणजे घरीही जायचं नाही, कारण माझं गाव मेढ्याच्या वर, घाटात आहे.

"गाडी चालवता येईल ना?" मी विचारलं.

मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. टेबलाखालच्या त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. त्यातलं एक पाऊल मागं सरकलं. "आधी डोळा वाचवू," त्या म्हणाल्या.

बायकोला फोनवर सांगितलं, किरकोळ आहे, थोड्या दिवसांत येतो. मुलीची बारावी, गोठ्यात दोन म्हशी. तिला येता येण्यासारखं नव्हतंच. खरं सांगायचं तर ती यायला नको होती मला. तिच्यासमोर ते पाऊल मागं सरकल्याचं लपवता आलं नसतं.

आक्काचं घर म्हणजे गल्लीतल्या दोन खोल्या. दाजींना जाऊन चार वर्षं झालेली. दवाखान्यांत पेशंटबरोबर येणाऱ्या लोकांना ती जेवणाचे डबे देते, त्यामुळं तिचा स्टो पहाटेच पेटतो. तिनं माझ्यासाठी जुन्या लुगड्याची जाड चुंबळ वळली, डोक्यावर घागर घेताना घेतात तसली, फक्त मोठी. दोन उशांवर छाती टेकवायची, चुंबळीत कपाळ रोवायचं आणि मधल्या भोकातून फरशी बघायची. नाक दबायचं नाही. दवाखान्यात याचीच वेगळी उशी मिळते म्हणे, पण तिनं ती बघितलीसुद्धा नाही.

पहिले दोन दिवस मी फार वाईट वागलो. मान भरून यायची, पाठीत कळ मारायची आणि डोक्यात एकच, आता पुढं काय. स्टेअरिंग सोडलं तर मला दुसरं काही येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कानं ताट जमिनीवर ठेवलं आणि मी खाली वाकून भाकरी मोडायला लागलो. आमटी ओघळून हातावर आली. मी ताट ढकललं.

"कुत्र्यागत जेवायला लावलंय मला," मी ओरडलो.

ती फडकं घेऊन आली आणि माझ्या डोळ्यांसमोरची फरशी पुसायला लागली. पुसून झाल्यावर उठली, तेव्हा तिची पावलं माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. टाचा भेगाळलेल्या. आणि दोन्ही पायांच्या बोटांत जोडवी.

मी बघतच राहिलो. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, गळ्यात काही नव्हतं, हातात काचेच्या बांगड्या नव्हत्या. दाजी गेले तेव्हा बायकांनी सगळं काढलं होतं, मी तिथंच होतो. चार वर्षांत कितीतरी वेळा तिच्या घरी येऊन गेलो, चहा प्यालो, परतलो. जोडवी काही दिसली नव्हती.

"आक्का, जोडवी?"

पावलं थांबली. साडीचा काठ जरा खाली ओढला गेला. मग ती हसली. ते हसू मला फक्त ऐकू आलं.

"दुसऱ्या म्हैन्यात परत घातली. मला बिनजोडव्याचं चालताच येईना. पाय कुणाचं तरी वाटायचं."

"कोण काय बोललं न्हाई?"

"काठाखाली कोण बघतंय रं? तूच पयला, खाली मान घालून आलायस न्हवं!"

मलाही हसू आलं. हसताना डोळ्याला ताण बसला म्हणून ती रागावली आणि तिनं नवं ताट वाढून आणलं. मी जेवलो.

त्यानंतर फरशी मला थोडी वेगळी दिसू लागली. म्हणजे भीती गेली असं नाही. ती तशीच होती, पण चोवीस तास नुसतं भिऊन तरी माणूस काय करणार? मी बघायला लागलो. नऊच्या सुमाराला दारातून उन्हाचा पट्टा आत यायचा. दाराशी पाण्याची बादली असायची, त्या पाण्यावरून उजेड उसळून माझ्या फरशीवर थरथरायचा. बाहेरून एखादी जड गाडी गेली की बादलीतलं पाणी हलायचं आणि सगळी फरशी वितळल्यासारखी व्हायची. भाकरीचा कण ओढणारी एक मुंगी मी भिंतीपर्यंत पोचवली, म्हणजे नजरेनं पोचवली. फरशीच्या सांध्याशी ती तीनदा मागं फिरली. चौथ्यांदा कण आधी पलीकडं टाकला आणि मग स्वतः उतरली. मी एवढा खूश झालो की आक्काला हाक मारली. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मला डबं हायत अकरा. मुंगीला माझा नमस्कार सांग."

गल्लीचा तो साधाच आठवडा होता. दूधवाला, भाजीवाली, शाळेची रिक्षा. आणि पलीकडच्या भिंतीतून येणारा आवाज. शेजारी तंबोरे तयार करणारे एक म्हातारे चाचा राहतात. दिवसभर एकच तार छेडायची, थांबायचं, काहीतरी घासायचं, पुन्हा छेडायची. सुरुवातीला मला त्याचा भारी त्रास व्हायचा. तार ठप्प वाजायची, पत्र्यावर बोट मारल्यासारखी. चौथ्या दिवशी दुपारी तसंच चाललं होतं. ठप्प, घासणं, ठप्प, घासणं. मी मोजणंही सोडलं होतं. आणि एकदम ती तार उघडली. एका आवाजातून दुसरा निघाला, त्यातून तिसरा, आणि तिकडं बोट उचलल्यावरही भिंतीतून गुंजन येतच राहिलं. माझ्या अंगावर काटा आला. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तापलेलं इंजिन नीट लागलं की ड्रायव्हरला पायांतून कळतं, तसं ते कळलं.

संध्याकाळी चाचा मला बघायला आले. मला त्यांच्या लेंग्याचे पाय दिसले, त्याला चिकटलेला लाकडाचा भुसा दिसला. ते जरा वेळ उभे राहिले. मग गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, सावकाश खाली बसले आणि चक्क जमिनीवर आडवे झाले. पांढरी दाढी आणि जाड चष्मा माझ्यासमोर आला. चार दिवसांत समोरासमोर दिसलेला तो पहिला चेहरा होता. आक्का "आवं चाचा, काय करताय!" म्हणून धावली.

"बोलायचं तर तोंड बघून बोलावं," ते म्हणाले.

मी दुपारच्या तारेबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं, तार खालच्या पट्टीवर, म्हणजे घोडीवर, जिथं टेकते तिथली जागा घासून घासून जमवावी लागते, तिला जवारी म्हणतात. एक केसभर जास्त घासलं की बिघडली.

"कळतं कसं, की आता बास?"

"नाही कळत," चाचा म्हणाले. "पन्नास वर्षं झाली, रोज भीती वाटते."

त्यांना उठवायला आक्काला आणि मला मिळून हात द्यावा लागला. माझी मान खालीच होती.

सहाव्या दिवशी बायकोचा फोन आला. "डेपोतल्या वाहक बाई भेटल्या व्हत्या," ती म्हणाली. "त्यांनी समदं सांगितलं. माणसं उतरवली ते बी. आवं, किरकोळ म्हनताय?"

 मग मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टर बाईंच्या पावलासकट. तिच्या पाठीमागं म्हैस हंबरली.

"डोळा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बाकी मग बघू."

आठव्या दिवशी डॉक्टर बाईंनी मला मान वर करायला लावली. पडदा चिकटला होता. बुडबुड्याची कड नजरेत पाण्यासारखी डुलत होती आणि तिच्या वर थोडं थोडं दिसत होतं. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. त्यांच्या गालावर खळी होती. त्या म्हणाल्या, नजर सुधारेल, पण पूर्वीसारखी होणार नाही. सरळ रेघा जराशा वाकड्या दिसतील. प्रवाशांची गाडी आता नको.

मी मान डोलावली. बाहेर आल्यावर जिन्यात बसून रडलो. आक्का डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसून राहिली. त्या दिवशी तिचे डबे उशिरा पोचले.

आता मी डेपोच्या भांडारात बसतो, सुट्या भागांच्या खोलीत. काम वाईट नाही. उजव्या डोळ्यानं दाराची चौकट अजून मध्येच वाकलेली दिसते. डॉक्टर बाईंनी चौकोनांचा एक छापील कागद दिलाय, तो आरशाशेजारी चिकटवलाय. रोज सकाळी उजवा डोळा झाकायचा आणि डाव्यानं बघायचं, कारण त्याचाही भरवसा नाही. रेघ हलली, ठिपका दिसला, की ताबडतोब मिरज गाठायची.

कागदासमोर उभं राहताना अजून छातीत धडधडतं. आज सकाळी चौकोन सगळे सरळ होते. मी दोनदा पाहिलं आणि मग बायकोला चहा टाकायला सांगितलं.