ढाणकी ते पुसद: वाघ, वानर आन आमची कुसुम

सगळ्यात आधी आली ती चिनीबाई, पाव्हणे नाईच! आमी पुसदले नणंदेच्या घरी कुसुमसाठी पाह्यलेल्या पोराच्या आजीची वाट पाहून राह्यलो, आन दारात उभी कापडाचं गठुडं घेऊन नागपूरवाली चिनीबाई, मूळची चीनची, दारोदार रेशीम इकणारी.

थांबा, आधी रस्ता सांगते. कुसुम म्हंजे माझी नात. पोराकडच्याइले तिची पत्रिका पायजे होती. आमच्याकडं कोणाचीच नाई. तांबडी गाय दुसऱ्यांदा व्याली त्या साली कुसुम झाली, त्याले अठरा वर्षं झाली; तीथ-वेळ कोणाले ठाव नाई. पत्रिका नाई त सोयरीक नाई, असा निरोप आला. मले घरात बसवेना. नणंदेले सांगून पोराच्या आजीले तिच्याच घरी बोलावलं, कुसुमले घेतलं आन निघाली.

ढाणकीहून सकायची मोटार धरा, उमरखेडले बदला. दोघीचं तीन रुपयात भागते. मांगं बसू नका, सारी धूळ तिथंच. उमरखेडचे भजे चांगले, पन मले एकच गेलं. दर थांब्याले मी इचारू, "पुसद आलं का?" कंडक्टर म्हणे, "आजी, पुसद कुठी पयून नाई जात!"

त चिनीबाई रेशीम दाखवून राह्यली, मी दारात-घरात चकरा मारून राह्यली, तेवढ्यात पोराची आजी, सोनाबाई, आली. टेकायच्या आधीच म्हणे, "पत्रिका आणली?"

मी गायीचं साल सांगतलं.

"गाय कोणत्या नक्षत्रावर व्याली, तेबी सांगा!"

चिनीबाई हसली. "हमारे यहाँ भी साल का जानवर होता है।" म्हणे, आधी सालं मोजायले नुसती बारा अक्षरं होती, शिकलेल्याइची. बाकीच्याइच्या ध्यानात राहावं म्हणून मंग जनावरं जोडली: उंदीर, बैल, वाघ... व्यापाऱ्याइसंगं ते तिबेटात गेलं, जपानात गेलं. एका मुलखात त सशाच्या जागी मांजर बसली. पाहा, बिनशिकल्याइचाबी कोणी इचार केला! मले लय गोड वाटलं.

"मंग पाहून सांग बाई," सोनाबाई म्हणे, "पोरगा चोवीसचा, पोरगी अठराची."

चिनीबाईनं अंगठ्यानं बोटाची पेरं मोजली, आपण मोजतो तशीच. तोंड उतरलं तिचं. "लड़का बाघ, लड़की बंदर। नहीं जमता। छह साल का फरक, तो जानवर आमने-सामने।"

मी उठून पुन्हा दारापर्यंत जाऊन आली. कुसुम खाली पाहून पदराचं टोक पिळून राह्यली.

सोनाबाईनं मातर आपलीच बोटं मोजली. मंग म्हणे, "सहा वर्षं? आमचे बुढे माझ्याहून सहानंच मोठे होते."

"तो आप भी उलटे।"

"अवं माय! जोश्यानं त आमचं सारं जुळवलं होतं!" सोनाबाईले हसू आवरेना. "चाळीस वर्षं भांडलो आमी. ते गेले, आता भांडायलेबी कोणी नाई." तिनं डोळे पुसले आन कुसुमले जवळ बसवलं. "राहू द्या पत्रिका, इहीणबाई."

घरी आली तरी मले बसवत नाई. बारातली नऊच जनावरं ध्यानात राह्यली, कुसुम उरलेली सांगते आन स्वतःच लाजते. अंगण दोनदा सारवून झालं. सोयरीक पक्की करायचं कुंकू लावायले येतो म्हणाले पोराकडचे, येत्या शुक्रवारी, सकायच्या मोटारीनं.