काल्हेरच्या विहिरीची चाचणी

वडील गेले त्याच आठवड्यात आमच्या काल्हेरच्या जमिनीवर पाण्याची तपासणी होती. पाणी कुठून आणणार हे दाखवल्याशिवाय नव्या इमारतीला परवानगी मिळत नव्हती, आणि नळाचा भरवसा नव्हता. बिल्डरने वडिलांना शब्द दिला होता की विहिरीचं पाणी पुरलं तर ती राहील, नाहीतर बुजवून तिथे टँकरच्या पाण्याची टाकी होईल.

सकाळी पंप सुरू झाला. मी ओट्यावर बसून आवाज ऐकत होतो. मला काही वाटत नव्हतं.

दुपारी तपासनीस म्हणाले, "बस झालं. पाणी भरपूर आहे. बंद करा, नमुना घेतो."

काका ऐकेनात. "चालू ठेवा, साहेब. दादाची हीर हाय ती, आटायची न्हाय. बगू दे सगल्यांना!"

सुतकातल्या घरात अभिमानाची तेवढीच एक गोष्ट चालली होती. काकांना कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी पंप थांबला. सुतकाच्या घरचं पाणी बाहेरचं कुणी तोंडाला लावत नाही, म्हणून चव आईने घेतली.

"पानी खारा झाला," ती म्हणाली.

गोडं पाणी उपसलं गेलं आणि जवळच्या खाडीचं आत शिरलं होतं.

"उद्या गोडा व्हईल, वयनी," काका म्हणाले.

झालं नाही. दहाव्याच्या स्वयंपाकाला टँकर आला. पुढे विहिरीत भराव पडू लागला, तेव्हा आईने घरातूनच विचारलं, "कप्पी काढून घेतलीस का?"

घेतली होती. ती मी ओट्यावर आणून ठेवली.