माउसला लागलेलं कुंकू

स्क्रीनवरचा बाण आडवा पळत होता, पण वर जायचं नाव घेत नव्हता. रशिदाताई माउस ढकलून ढकलून घामाघूम झाल्या होत्या. त्यांच्या मागं राहू गावच्या दूध संस्थेचं अख्खं संचालक मंडळ चहाचे कप धरून उभं होतं, आणि सगळ्यात पुढं चेअरमन आप्पा. मी भिंतीला टेकलेली.

विंडोज ९८ चे दिवस होते. दौंडला माझा कॉम्प्युटर क्लास होता, आणि या संस्थेनं नव्या कॉम्प्युटरवर शिकवायला मला बोलावलं होतं. रशिदाताई तिथं दूध मोजून घ्यायच्या. त्यांना ऑपरेटरची जागा हवी होती. आप्पांची अट सरळ होती. "दसरा झाला की मंडळापुढं चालवून दाखव, पोरी. जमलं तर जागा तुझी. न्हाई तर पुण्याचा माणूस बोलावतो."

पहिले दिवस डबल क्लिकमध्येच गेले. डबल क्लिक म्हणजे माउसचं बटण पटकन दोनदा दाबायचं, की चित्रामागचं काम उघडतं. ताई एकदा दाबायच्या, थांबायच्या, मग दुसऱ्यांदा दाबायच्या.

"अहो ताई, पाहुण्यांच्या दारावर टकटक करताय का? पटपट दाबा!"

"मॅडम, ओरडू नका. मशीन घाबरल."

हसू आवरायचं नाही मला. पण बाई चिवट. फोल्डर म्हणजे कपाटातला कप्पा, त्यात फाइल ठेवायची, काम झालं की 'शट डाउन' करूनच स्विच बंद करायचा, हे सगळं त्यांनी पक्कं केलं. माउस पालथा करून साफ कसा करायचा तेही शिकल्या. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती फिरली की आतले दोन रोलर फिरायचे, एक आडव्या चालीचा, एक उभ्या. त्यांच्यावर घाण बसली की बाण अडायचा.

आणि आता, ऐन परीक्षेत, तो अडला होता.

"बंद पडलं वाटतं," एक संचालक म्हणाले.

"पुण्याचाच माणूस बघा, आप्पा," दुसरे लगेच. असा राग आला मला! मी पुढं झाले, तर ताईंनी मागं न बघताच हात आडवा केला. थांबा, म्हणजे.

त्यांनी माउस उलटा केला, खालची चकती फिरवली, गोळी तळहातावर घेतली. गोळी लालपिवळी झाली होती. मग माझी नजर माउसखालच्या पॅडवर गेली आणि डोक्यात प्रकाश पडला. खंडेनवमीला संस्थेत वजनकाट्यापासून सायकलपर्यंत सगळ्याची पूजा झाली होती. आप्पांनी स्वतःच्या हातानं, मोठ्या प्रेमानं, पॅडवरही हळदकुंकू वाहिलं होतं. परवापासून माउस त्याच्यावरूनच फिरत होता.

मी तोंड दाबून उभी राहिले. ताईंनी पूजेतली विझलेली उदबत्ती उचलली आणि तिच्या काडीनं रोलर खरवडले. गोळी ओढणीला पुसून आत टाकली, पॅड झटकलं.

"काय झालं व्हतं?" आप्पांनी विचारलं.

"काही न्हाई, आप्पा. धूळ बसती आत. साफ करावं लागतं."

आप्पा खाली वाकले. टेबलावरचा लाल चुरा बोटावर घेतला.

"धूळ लाल असती व्हय गं?" म्हणाले आणि पोट धरून हसत सुटले. मग सगळेच हसले.

ताईंनी फोल्डर केला, पत्र टाइप केलं, त्यात ठेवलं, परत उघडून दाखवलं, शट डाउन केलं. डबल क्लिक पहिल्या झटक्यात. जागा त्यांना मिळाली. मला इतका आनंद झाला की एसटीत दौंडपर्यंत मी एकटीच हसत होते.

पुढच्या खंडेनवमीला मुद्दाम गेले. कुणाला काही विचारायची सवय नसलेले आप्पा ताट घेऊन कॉम्प्युटरपाशी आले आणि थबकले.

"रशिदाताई, कुंकू कुठं लावू?"

"टेबलाच्या पायाला लावा, आप्पा."

त्यांनी मुकाट्यानं खाली बसून टेबलाच्या पायाला लावलं. तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये डबल क्लिकच्या आधी माउस उघडायला शिकवू लागले.