मोहाखाली उजाडलं होतं

वहिनीला अस्वलानं फाडलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच मोहाच्या झाडाजवळ होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

काही वर्षं झाली. चैत्रात मी वर्ध्याहून गावी, कारंजा तालुक्यात, गेलो होतो. सोबत ऑफिसातला एक मित्र. त्याच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती आणि अस्वल मारायची हौस. बोरं संपली की अस्वलं मोहफुलांवर येतात, हे मला ठाऊक. ठाऊक असल्याचा ताठाही होता. आमच्या घरचा मोह नाल्याकाठी. खोडाला वहिनीच्या लुगड्याची चिंधी बांधलेली, म्हणजे दुसऱ्या कुणी फुलं वेचू नयेत. मीच मित्राला तिथे नेलं.

दिवस मावळताना काळं काहीतरी हुंगत झाडाखाली आलं. बार उडाला. किंकाळी, धूर, मग झुडपं मोडत गेल्याचा आवाज. "चुकला यार," मित्र म्हणाला. पानांवर ओलं काहीतरी होतं. रक्त असेल, नाहीतर चिरडलेली फुलं. मी वाकून पाहिलं नाही. का नाही पाहिलं, मलाच कळत नाही.

शिकार म्हणजे केस, नोकरी जाणार. सकाळी बघू म्हणून गप्प झोपलो, ते अंगणातल्या आरडाओरड्यानं जागा झालो. वहिनीला बाजेवर टाकून आणलं होतं. डावा डोळा गेला.

अस्वल उजाडायच्या आत पोट भरून निघून जातं. म्हणून आमच्याकडच्या बायका उजाडल्यावरच, डबा वाजवत मोहाखाली जातात. वहिनीही तशीच गेली होती. धडधाकट अस्वल तिथे कशाला थांबेल? पण गावानं ठरवून टाकलं, फुलांच्या लालचीनं ही अंधारातच गेली.

यंदाही जेवताना भाऊ तेच बोलला. "किती खेपा सांगतलं होतं हिले, उजाडल्याबिगर जाऊ नको. पन आयकते कोन?"

"उजाडलंच होतं. खालची फुलं दिसत होती मले."

"हो, तुह्या डोयात टॉर्च होता ना!"

सगळे हसले. वहिनीही हसली. मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमी तं घरीच होते. उजाडलं होतं का नाई, तुमीच सांगा."

"मी झोपलो होतो, वहिनी."

"मंग असन अंधार," ती म्हणाली. "मलेच समजलं नसन." आणि माझ्या ताटात भाजी वाढली.

इतकी वर्षं ती भांडत आली होती, आता तिचाही स्वतःवर भरवसा राहिला नाही. मी वर्ध्याला परत आलो तरी डोक्यातला गुंता सुटत नाही. त्या नाल्यात अस्वलं एकाहून जास्त फिरतात. ते आमचंच होतं की दुसरं? दुसरंच असेल तर मी कशाचा अपराधी? आणि नसेन, तर एवढी वर्षं गप्प का?

याचं उत्तर मला कधी मिळेल असं वाटत नाही. पण आदल्या संध्याकाळी तिथे बार उडाला होता आणि बंदूकवाल्याला मीच तिथे नेलं होतं, एवढं वहिनीला, भावाच्या समोर, सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.